वाटाड्या तेनसिंग

एव्हरेस्टच्या दक्षिणेस नेपाळात खुंबू नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. लुक्ला येथे विमानातून उतरून नामचे बाजार, तेंगबोचे अशी गावे घेत प्रवासी तेथे कित्येक दिवस पायी चालतात. रात्रीचा मुक्काम वाटेवरच्या लॉजमध्ये होतो. चुलीभोवतीची ऊब आणि गरम जेवण तेथे मिळते. ३,४४० मीटर उंचीवरील नामचेला एक दिवस जादा थांबतात, कारण विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. घाई करणाऱ्यास आवरणे हे शेर्पा वाटाड्याचे मुख्य काम. हे काम साऱ्या जगाच्या नजरेत आणले ते याच खुंबूत वाढलेल्या तेनसिंग नोर्गे यांनी.

त्यांचा जन्म १९१४ सालचा. जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती. वडील याक पाळीत. मुलाने भिक्षू व्हावे म्हणून त्याला मठात पाठविण्यात आले, पण तेथे त्याचे मन रमले नाही. तो दार्जिलिंगला पळाला. त्या काळी नेपाळ परकीयांना बंद होता आणि एव्हरेस्टच्या मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे निघत. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत तेनसिंगांना प्रथम हमालाचे काम मिळाले.

शेर्पा तेव्हा ओझे वाहणारा मजूर समजला जाई. पाठीवर साहेबांचा तंबू, शिधा, भांडी घेऊन तो वर चढे आणि शिखर जवळ आले की मागे राही. तेनसिंगांच्या मनात मात्र स्वतः शिखरावर जाण्याची ओढ होती. त्यांना अनेक भाषा बोलता येत. लिहिता येत नसे.

१९५२ च्या स्विस मोहिमेत त्यांना प्रथमच बरोबरीचा सदस्य मानण्यात आले. रेमाँ लाँबेर आणि तेनसिंग यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर, झोपण्याच्या पिशव्या नसताना, मेणबत्तीवर बर्फ वितळवून ते पाणी पीत दोघांनी एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सुमारे २५० मीटर शिल्लक असताना त्यांना परतावे लागले. लाँबेरनी दिलेला तांबडा रुमाल तेनसिंगांनी पुढच्या वर्षी गळ्यात बांधला.

१९५३ च्या ब्रिटिश मोहिमेत ते शेर्पांचे सरदार होते. काठमांडूच्या वकिलातीत शेर्पांची झोपण्याची सोय मोटारी ठेवण्याच्या जागेत केली गेली. हा अपमान त्यांना फार लागला आणि मध्यस्थी तेनसिंगांना करावी लागली. तेथून शेकडो हमालांसह तांडा तेंगबोचेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ चालत गेला. लुक्लाचा विमानतळ तेव्हा नव्हता. पुढे हिमप्रपातात एडमंड हिलरी भेगेत कोसळले, तेव्हा तेनसिंगांनी दोर घट्ट धरून त्यांना वाचविले. २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास दोघे शिखरावर उभे राहिले. तेनसिंगांनी तेथे थोडी मिठाई आणि लेकीने दिलेली पेन्सिल बर्फात पुरली.

खाली उतरताच पहिले पाऊल कोणाचे, असा वाद माजला. एका दोराला बांधलेल्या दोघांबद्दल असा प्रश्न विचारणाऱ्यांना गिर्यारोहण कळलेच नव्हते, असे म्हणावे लागते. दोघांनी मिळून निवेदनावर सह्या केल्या. त्यात ते जवळजवळ एकाच वेळी पोहोचले असे म्हटले होते. पुढे १९५५ मध्ये आत्मचरित्रात तेनसिंगांनीच स्पष्ट केले, की हिलरी काही पावले पुढे होते. हिलरींना ब्रिटनकडून सर ही पदवी मिळाली. तेनसिंगांना जॉर्ज पदक. भारताने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले.

पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन पर्वतारोहण संस्था स्थापन झाली. तेनसिंग स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण घेऊन आले आणि १९७६ पर्यंत तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख राहिले. १९७८ मध्ये त्यांनी हिमालयात पदभ्रमणास नेणारी स्वतःची संस्था काढली. हमालीने आरंभ केलेला माणूस आता स्वतःच्या नावावर प्रवाशांना डोंगरात नेऊ लागला.

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अंत्यसंस्कार पर्वतारोहण संस्थेच्या आवारातच करण्यात आले.