जोसेफ प्रीस्टले आणि वायूंची पारख

बाटलींत कोंडलेला वायु कोणता, हें नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. धुमसती काडी आंत धरतांच भपकन् पेटली तर प्राणवायु, चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायॉक्साइड, असें आमचे विद्यार्थी चटकन् सांगतात. परंतु अशा खुणा शिकविणारें कोणी नसतां ज्यानें मेणबत्ती आणि उंदीर घेऊन वायूंची पारख केली, त्या जोसेफ प्रीस्टलेचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्याचा जन्म १७३३ सालीं यॉर्कशायरमध्यें झाला. आई लवकर वारल्यामुळें आत्यानें त्याला वाढविलें. बोलतांना तो अडखळे, तरीहि त्यानें धर्मोपदेशकाचें काम पत्करलें! १७६७ सालीं तो लीड्स येथें आला. त्याच्या शेजारींच बिअरचा कारखाना होता. तेथील पिंपांतील आंबणाऱ्या रसावर जो वायु तरंगत असे, त्यांत जळती ढलपी धरली कीं ती विझे. तोच वायु पाण्यांत मिसळून त्यानें सोडावॉटर तयार केलें.

हवा शुद्ध कीं अशुद्ध हें ठरविण्याची एक युक्तीहि त्यानें काढली. हवेंत नायट्रिक ऑक्साइड सोडलें कीं तांबूस धूर होतो, तो पाण्यांत विरघळतो व हवेचें आकारमान घटतें. जितकी घट अधिक, तितकी हवा चांगली.

१ ऑगस्ट १७७४ रोजीं, लॉर्ड शेल्बर्नच्या आश्रयाला असतां, त्यानें बारा इंच व्यासाच्या भिंगानें पाऱ्याचें तांबडें भस्म तापविलें. निघालेल्या वायूंत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळाली. पुढें मार्च १७७५ मध्यें त्यानें या वायूवर आपली आवडती चांचणी केली, तों काय? घट साध्या हवेइतकीच! येथेंच तो थांबता तर शोध हातचा गेला असता. पण चांचणीनंतर उरलेल्या वायूंत त्यानें दुसऱ्या दिवशीं सहज मेणबत्ती धरली, आणि ती साध्या हवेपेक्षांहि प्रखर जळाली. जळती मेणबत्ती त्या वेळीं जवळ होती हा केवळ योगायोग, असें त्यानें स्वतःच मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. मग त्यानें उंदीर ठेविला. तेवढ्या साध्या हवेंत जो पाव तासच जगता, तो येथें अर्धा तास टिकला व बाहेर काढून शेकल्यावर हुशार झाला.

स्वीडनमध्यें शेले यालाहि हा वायु आधींच सांपडला होता. त्याचें पुस्तक मात्र १७७७ सालीं निघालें. वायूचा खरा अर्थ लाव्हाझिए यानें लाविला. ज्वलनांत पदार्थांतून ‘फ्लॉजिस्टन’ बाहेर पडतें, हें जुनें मत प्रीस्टलेनें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. हा हट्ट आम्हांस चमत्कारिक वाटतो. पण त्यानें जें पाहिलें तें खोटें ठरलें नाहीं.

त्याचीं धर्मविषयक व राजकीय मतें अनेकांना खपत नसत. जुलै १७९१ मध्यें बर्मिंगहॅमच्या दंगेखोरांनीं त्याचें घर, ग्रंथ व प्रयोगशाळा जाळली. १७९४ सालीं तो अमेरिकेस गेला. ६ फेब्रुवारी १८०४ रोजीं सकाळीं अंथरुणावरूनच त्यानें आपल्या लेखांतील दुरुस्त्या सांगितल्या, त्या बरोबर उतरल्या अशी खात्री करून घेतली, आणि थोड्याच वेळांत प्राण सोडला.