गुरुत्वाकर्षणाचे मास्तर

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून आली की मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडतात. विश्व पसरतंय म्हणजे काय? त्याला ढकलतं कोण? अशा प्रश्नांसाठी लागणारी आइन्स्टाइनची समीकरणं भारतात एका पिढीला शिकवली ती रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकरांनी.

त्यांचा जन्म १९०८ सालचा, कोल्हापूरचा. मुंबईत शिकून ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली रँग्लर झाले. तिथे राहून नाव कमावता आलं असतं. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि १९३२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. हाताशी मोठी दुर्बीण नाही की काही नाही. होता तो खडू, फळा आणि विद्यार्थी. १९४२ साली गुजरातचे प्रल्हाद वैद्य पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले. वर्षभरातच, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कसं असेल, याचं उत्तर वैद्यांनी काढलं. ते आज जगभर वापरतात.

घरात पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. भिंतीवर मुलांसाठी फळे. त्यावर मामा कोडी लिहायचे आणि मुलं ती सोडवायची. त्यातलाच जयंत पुढे वडिलांसारखाच केंब्रिजला जाऊन रँग्लर झाला. १९६४ साली त्याने फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. वडिलांनी जन्मभर शिकवलेल्या सिद्धांतापलीकडे मुलाने पाऊल टाकलं! प्रश्न विचारायची सवय घरातच लागली होती ना.

रँग्लर नारळीकर १९९१ मध्ये गेले. सात वर्षांनी, १९९८ साली, दूरच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून कळलं, की विश्व पसरण्याचा वेग वाढतोय. का? बरेच जण म्हणतात, डार्क एनर्जी नावाची न दिसणारी ऊर्जा आहे. काही म्हणतात, ऊर्जा वगैरे काही नाही, फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलत असेल. मग खरं कोण? परीक्षा घ्यायची. १७ ऑगस्ट २०१७ रोजी तशी संधी आली. दोन मृत तारे एकमेकांवर आदळले होते. त्यांच्या गुरुत्वलहरी आणि प्रकाश सुमारे तेरा कोटी वर्षं प्रवास करून पृथ्वीवर पोचले, तेही दोन सेकंदांच्या आतबाहेर! दोघांचा वेग सारखाच ठरला, आइन्स्टाइनने सांगितलं होतं तसा. वेग वेगळा मानणारे कितीतरी पर्यायी सिद्धांत त्या एका दिवसाने निकालात निघाले. सगळे मात्र नाहीत. कोडं अजून सुटलेलं नाही.

अशा लहरी पकडणारी लायगो वेधशाळा आता आपल्याच हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे. तिथे काम करायला गणित येणारी माणसं लागतील. त्यात तुमची लेक का नसावी? घरातल्या एका भिंतीवर आजच तिच्यासाठी फळा लावून टाका.