कायदा, कचेरी आणि डॉक्टर आंबेडकर

कायदा चांगला झाला म्हणजे राज्यकारभार आपोआप चांगला होतो, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची एक गोड समजूत आहे. भंडाऱ्याचा किंवा तुमसरचा धान्याचा व्यापारी मात्र या समजुतीनें फसत नाहीं. पेढीचे नियम शेठजींनीं कितीही उत्तम लिहून ठेविले, तरी रोजकीर्द लिहिणारा मुनीम आणि धान्य मोजणारा मापारी जसे असतील तशीच ती पेढी चालावयाची, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. हाच न्याय सरकारच्या कचेरीस लावून त्याचें शास्त्र ज्यांनीं अभ्यासिलें, आणि पुढें तेंच तत्त्व देशाच्या घटनेंत गोंवलें, ते पुरुष म्हणजे डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर होत. अस्पृश्यांचे पुढारी म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखी आहे. राज्यकारभाराचे मर्मज्ञ म्हणून त्यांची ओळख फार थोड्यांस असते. ज्या भंडारा जिल्ह्यानें १९५४ सालीं त्यांस मतपेटींतून नाकारलें, त्या जिल्ह्यांत तरी ती ओळख करून घेणें उचित आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या लष्करी छावणींत झाला. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार. मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. १९१२ सालीं मुंबईस बी. ए. झाल्यावर, पुढील वर्षीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें त्यांनीं निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. अस्पृश्यतेच्या चटक्यांनीं पोळलेल्या या तरुणानें १९१५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व जमाखर्च यांवर प्रबंध लिहिला. आणि मग ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीचा अभ्यास हातीं घेतला. हा दुसरा ग्रंथ १९२५ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यास त्यांचे गुरु प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे.

त्या ग्रंथाचा आशय व्यापाऱ्यांस चटकन उमजेल. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर सर्व प्रांतांचा पैसा मध्यवर्ती सरकारच्या एकाच तिजोरीचा झाला. वसूल करणार प्रांत, खर्च करणार प्रांत, पण पैशाचा धनी तिसराच. अशा एकत्र कुटुंबांत काय होतें तें सांगावयास नको. जो मोठ्यानें मागेल त्यास अधिक मिळतें. आणि काटकसरीचें फळ आपल्या पदरांत पडत नाहीं हें कळल्यावर काटकसर कोणीच करीत नाहीं. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीस ओढ लागली, तेव्हां कोठें सरकारचे डोळे उघडले. लॉर्ड मेयो यांच्या योजनेनें १८७१ पासून पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते इत्यादि खातीं ठराविक रकमेसह प्रांतांकडे आलीं. १८७७ व १८८२ सालीं उत्पन्नाच्याही कांहीं बाबी मिळाल्या. परंतु ही वांटणी हक्काची नसून मेहेरबानीची आहे, हें आंबेडकरांनीं उघड करून दाखविलें. जें सरकार लोकांस जबाबदार नाहीं, त्याची वही कितीही नीटनेटकी असली तरी त्याचा खर्च लोकांच्या हिताकडे वळत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

पुस्तकांतील हें ज्ञान लवकरच कसाला लागलें. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७ सालीं बडोद्याच्या नोकरींत रुजू झाले. महाराज स्वतः अनुकूल होते. पण कचेरींतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत, प्यावयास पाणी मिळत नसे, आणि शहरांत बिऱ्हाडास जागा मिळेना. नांव बदलून पारशी धर्मशाळेंत राहिले, तेथूनही त्यांस हांकलून देण्यांत आलें. राजाचा हुकूम शिपायाच्या हातापर्यंत पोंचत नाहीं, हें त्यांनीं तेथें अंगावर सोसून पाहिलें. पुढें पुन्हां लंडनला जाऊन ते डी. एससी. व बॅरिस्टर होऊन आले.

महाडची कथा याच दृष्टीनें वाचली पाहिजे. सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ सालीं महाड नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तीन वर्षें गेलीं, पण ठराव दप्तरांतच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पुष्कळांनीं त्यास बंड म्हटलें. आमच्या मतें ती निव्वळ अंमलबजावणी होती; जी नगरपालिकेनें करावयाची ती लोकांनीं केली. नगरपालिकेनें पुढें आपला ठरावच फिरविला, तंटा न्यायालयांत गेला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें.

१९२८ सालीं त्यांनीं कायदेमंडळांत महार वतनाच्या सुधारणेचें बिल आणिलें. महार वतनदार हा सरकारचा सर्वांत खालचा नोकर. आमच्याकडील गांवच्या कोतवालासारखाच. वसुली असो, पोलिसांचें काम असो, त्यास रात्रीं-अपरात्रीं केव्हांही बोलावणें येई, आणि तो आजारी असल्यास घरांतील दुसऱ्यास जावें लागे. सरकार देई तें नाममात्र. बाकी पोट इनामी तुकड्यावर आणि गांवच्या बलुत्यावर. नोकर सरकारचा, पण त्याची भाकरी गांवकऱ्यांच्या मुठींत! त्यानें गांवाविरुद्ध ब्र काढला कीं बलुतें बंद. असा नोकर कायद्याची बाजू काय म्हणून घेईल? तें बिल मागें घ्यावें लागलें. तीं वतनें रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ सालचा आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं त्यांनीं घटनेचा मसुदा घटनासमितीपुढें मांडला, तेव्हां कारभाराचा एवढा बारीक तपशील घटनेंत कशाला, असा आक्षेप होता. त्यांचें उत्तर असें कीं, घटनेचें एक अक्षरही न बदलतां केवळ कारभाराची पद्धति बदलून तिचा घात करतां येतो. ज्या समाजांत घटनेची चाड मुरलेली नाहीं, तेथें हे नियम कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडणें धोक्याचें आहे. नोकरभरतीस लोकसेवा आयोग, करांच्या वांटणीस वित्त आयोग, हिशेबतपासणीस महालेखापरीक्षक यांस घटनेंतच स्थान मिळालें. ही रचना एकट्या त्यांची नव्हे. परंतु महालेखापरीक्षकाचें काम न्यायाधीशांच्या कामाहूनही महत्त्वाचें आहे, असें मत त्यांनीं १९४९ सालीं निक्षून मांडलें. खेड्यांविषयींचे त्यांचे उद्गार मात्र आम्हांस फार कडक वाटतात. तरीही पंचायतींत दुर्बळांस राखीव जागा हव्यात, हा त्यांचा १९३२ पासूनचा आग्रह १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें मान्य केला, हें विसरतां येत नाहीं.

त्यांच्या म्हणण्याचा पडताळा भंडारेकरांस फार दूर पाहावयास नको. १९५१ सालीं मालगुजारी संपली. कायदा न्याय्यच होता. पण मालगुजारांचीं तळीं सरकारजमा झाल्यावर पाळीवर फावडें कोणीं चालवावयाचें आणि गाळ कोणीं काढावयाचा, याची चोख व्यवस्था झाली नाहीं. कित्येक तळीं गाळानें भरलीं आणि धानाचें पाणी तुटलें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत, हिंदु कोड बिल रखडल्यामुळें, आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें. १९५२ सालीं मुंबईंत ते निवडणूक हरले. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. तेव्हां हा जिल्हा मध्यप्रदेशांत होता. मतदारसंघ दोन जागांचा, म्हणून प्रत्येकास दोन मतें. अनुयायांनीं एकच मत देऊन दुसरें वायां घालवावें, असा सल्ला त्यांस कांहींनीं दिला आणि तो त्यांनीं मानला नाहीं, अशी हकीगत सांगतात. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनीं आंबेडकरांचा सुमारे ८ हजार मतांनीं पराभव केला. त्यानंतर राज्यसभेचे सभासद म्हणून ते काम करीत राहिले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस वारले. त्यापूर्वीं महिनाभर, १ नोव्हेंबर रोजीं, भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत सामील झाला होता.