अभिनेत्री दुर्गाबाई खोटे

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आणला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला. त्यासाठी त्यांनी परदेशातून यंत्रसामग्री आणली, पैसा उभा केला, नट जमवले. परंतु राणी तारामतीची भूमिका करण्यास त्यांना एकही स्त्री मिळेना. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून तारामती उभी करावी लागली. पुढे स्त्रिया चित्रपटांत कामे करू लागल्या खऱ्या. तथापि घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांना हा व्यवसाय कमीपणाचाच वाटे. हा समज पालटण्यास ज्यांचे कर्तृत्व मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाले, त्या दुर्गाबाई खोटे होत.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लाड. हे कुटुंब मूळचे गोव्याकडील असून मुंबईत स्थायिक झाले होते. वडील पांडुरंग शामराव लाड हे नामांकित सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत त्यांचे मोठे कुटुंब सुखाने नांदत होते. मुलींना शिकवण्याविषयी समाज उदासीन असतानाही दुर्गाबाईंना कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिक्षण मिळाले. महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह झाला. त्यांचे पती विश्वनाथ खोटे हे अभियंता होते. सासरही संपन्न होते. बकुळ आणि हरीन हे दोन पुत्र झाले. आयुष्य असेच सुखात जाणार, असे कोणासही वाटले असते.

परंतु दैवगती निराळी होती. खोटे कुटुंबाची सांपत्तिक स्थिती खालावली आणि होते नव्हते ते ऐश्वर्य गेले. पुढे पतीचेही अकाली निधन झाले. माहेरी पाठीराखे होते; पण दुसऱ्याच्या आधारावर जन्म काढणे दुर्गाबाईंच्या स्वाभिमानी मनास रुचणारे नव्हते. आपले व मुलांचे पोट आपणच भरावे, या निश्चयाने त्यांनी शिकवण्या धरल्या. त्या उत्पन्नात दोन मुलांचा संसार चालणे कठीणच होते.

अशा वेळी चित्रपटात काम करण्याची एक विचारणा त्यांच्या बहिणीकडे आली. बहिणीने नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव सुचवले. चित्रपट होता मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’. सन १९३१ होते. त्याच वर्षी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट निघाला होता आणि मूकपटांचा जमाना सरत चालला होता. दुर्गाबाईंच्या वाट्यास अगदी छोटी भूमिका आली. पैशांची गरज होती, म्हणून त्यांनी ती पत्करली. मात्र चित्रपटाच्या जाहिरातींत त्यांच्या भूमिकेपेक्षा त्यांच्या घराण्याचाच गाजावाजा अधिक झाला. चित्रपट पडला आणि लोकनिंदा तेवढी पदरी आली. कुलीन घरातील सुनेने असे करावे काय, अशी कुजबुज चोहीकडे सुरू झाली. ज्या घराण्याच्या नावाला त्यांनी जिवापाड जपले, त्याच नावाला आपल्यामुळे बोल लागला, याचे दुःख त्यांना फार झाले.

याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत पहिल्या मराठी बोलपटाची सिद्धता चालली होती. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना विचारले. एकदा पोळलेल्या दुर्गाबाई सहजासहजी तयार होईनात. तथापि दूर राहिल्याने लागलेला बोल पुसला जाणार नव्हता. उत्तम काम करून दाखवणे हाच त्यावरचा एक उपाय होता. त्या कोल्हापुरास गेल्या.

‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. त्या काळी पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली नव्हती. नटनटींना कॅमेऱ्यासमोर आपली गाणी आपणच गावी लागत. शिवाय हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. म्हणजे एकच भूमिका दोनदा उभी करावयाची होती. दुर्गाबाईंनी हे सर्व श्रम आनंदाने केले. राज्य गेलेली, दासी म्हणून विकली गेलेली आणि तरीही सत्त्व न सोडणारी तारामती त्यांनी अशा काही उत्कटतेने साकार केली, की प्रेक्षकांची अंतःकरणे हेलावून गेली. जी भूमिका करण्यास एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळत नव्हती, त्याच भूमिकेने एका सुशिक्षित घरंदाज स्त्रीला मानाचे स्थान मिळवून दिले. निंदेचा सूर हळूहळू मावळला. अनेक सुशिक्षित कुटुंबांतील मुलींना ही वाट मोकळी झाली.

त्यानंतर दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. या भूमिकेत त्यांच्याबरोबर एक चित्ता वावरे. कलकत्त्यास जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ व ‘सीता’ या चित्रपटांत कामे केली. १९३६ च्या ‘अमर ज्योती’मधील त्यांची सौदामिनी तर विशेष गाजली. अन्यायी कायद्याने पोटचे मूल हिरावून घेतल्यामुळे बंड करून उठलेली ही सागरावरची स्वामिनी पाहून प्रेक्षक थक्क झाले.

त्या काळी बहुतेक नटनटी एखाद्या कंपनीत मासिक वेतनावर बांधलेली असत. दुर्गाबाईंनी हे बंधन मानले नाही. भूमिका पसंत पडेल तेथे काम करावयाचे, असा त्यांचा बाणा होता. १९३७ मध्ये ‘साथी’ हा चित्रपट काढून त्यांनी निर्मिती आणि दिग्दर्शन या दोन्ही क्षेत्रांत पाऊल टाकले. हे धाडस करणाऱ्या स्त्रिया तेव्हा भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

वय वाढू लागले, तशा त्यांनी भूमिकाही बदलल्या. नायिकेच्या पदाला चिकटून राहण्याचा मोह त्यांना झाला नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्या कजाग सासू झाल्या, तर ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघाने त्यांना गौरविले. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये एकीकडे सम्राट पती व दुसरीकडे बंडखोर पुत्र, यांच्या कात्रीत सापडलेली जोधाबाई त्यांनी साकारली. ‘बिदाई’ या १९७४ च्या चित्रपटातील आईच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. सुमारे पन्नास वर्षांत त्यांच्या चित्रपटांची संख्या दोनशेच्या घरात गेली.

चित्रपटातील कीर्तीमुळे त्यांनी रंगभूमीकडे पाठ फिरवली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्योत्सवांत त्यांनी उत्साहाने भाग घेतला. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधील महत्त्वाकांक्षी राणी या त्यांच्या भूमिका रसिकांच्या स्मरणात राहिल्या. उतारवयात त्यांनी लघुपटांची आणि जाहिरातपटांची निर्मिती केली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर लोकप्रिय झालेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची होती.

दुःखाने त्यांची पाठ पुरती सोडली नव्हती. पुत्र हरीन ऐन उमेदीत वारला. ज्या मुलांसाठी त्यांनी या व्यवसायात पाऊल ठेवले, त्यांपैकी एकाचा मृत्यू पाहण्याचे त्यांच्या नशिबी आले. हा घावही त्यांनी धीराने सोसला आणि आपले काम चालू ठेवले. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली सुखदुःखे मोकळेपणाने सांगितली आहेत.

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. १९८३ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराच्याही त्या मानकरी ठरल्या. ज्या फाळक्यांना आपल्या चित्रपटासाठी एक तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा सन्मान पडद्यावरील तारामतीला लाभला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी लोकांना दुर्गाबाईंच्या घराण्याचे नाव तेवढे ठाऊक होते. पुढे त्या घराण्याचीच ओळख दुर्गाबाईंच्या नावाने होऊ लागली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. ते जीव ओतून करणारा माणूस त्या कामाला आपली योग्यता देतो, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.