उष्णतेचे माप घेणारे सर जॉन लेस्ली

गरम पाण्याने भरलेल्या एकाच डब्याच्या चार बाजू सारख्याच तापलेल्या असूनही निरनिराळ्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकतात, हे मोजून सिद्ध करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ सर जॉन लेस्ली यांचे निधन ३ नोव्हेंबर १८३२ रोजी झाले. आज दुरूनच तापमान दर्शविणाऱ्या अवरक्त तापमापकांत ‘उत्सर्जकता’ हा जो आकडा विचारात घ्यावा लागतो, त्याची पहिली मोजमापे करणाऱ्यांत लेस्ली यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १० एप्रिल १७६६ रोजी फाइफ परगण्यातील लार्गो येथे एका सुताराच्या घरी झाला. गणितातील त्यांची गती पाहून सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची दारे त्यांना लहान वयातच खुली झाली. एका उमरावाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला, तो या मुलाने धर्मोपदेशक व्हावे या अपेक्षेने. आश्रयदात्याच्या मृत्यूनंतर लेस्ली यांनी तो मार्ग सोडला. पुढे त्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनियात खासगी शिक्षक म्हणून काम केले, काही काळ वेजवुड या प्रसिद्ध कुंभकार घराण्याकडे शिकवणी केली आणि बुफाँ यांच्या पक्षिविषयक फ्रेंच ग्रंथाचे नऊ खंड इंग्रजीत आणले. १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अनुवादावर त्यांचे नाव नव्हते. अनुवादकांच्या वाट्याला हे नेहमीच येते. मिळालेल्या पैशांतून मात्र स्वतंत्र संशोधनाची सोय झाली.

त्यांची साधने साधी होती. धातूचा एक पोकळ घनाकृती डबा, पत्र्याचा अंतर्वक्र आरसा आणि त्यांनी स्वतः घडविलेला विभेदी तापमापक. या तापमापकात काचेचे दोन फुगे एका वाकड्या नळीने जोडलेले असत व नळीत रंगविलेले गंधकाम्ल असे. खोलीतील हवा तापली वा थंड झाली तर दोन्ही फुग्यांवर सारखाच परिणाम होई आणि द्रव जागचा हलत नसे. आरशाच्या नाभीवरील फुगा तेवढा तापला, तरच तो सरके. डब्याच्या एका बाजूस काजळी फासायची, दुसरीस कागद चिकटवायचा, तिसरी घासून चकचकीत ठेवायची आणि एकेक बाजू आरशासमोर आणायची, अशी ही रीत होती.

काजळीचे उत्सर्जन १०० मानले तर लिहिण्याच्या कागदाचे ९८, काचेचे ९०, घासलेल्या लोखंडाचे १५ आणि सोने, चांदी, तांबे यांचे अवघे १२ भरले. पांढरा कागद जवळजवळ काळ्या काजळीइतकीच उष्णता टाकतो, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही, हे त्यातून उघड झाले. धातूचा पृष्ठभाग खरवडताच उत्सर्जन वाढे. जो पृष्ठभाग उष्णता सहज टाकतो तोच ती सहज शोषतो, हेही त्यांना आढळले. या संबंधाला नेमके नियमरूप १८५९ मध्ये किर्खहोफ यांनी दिले.

उकळत्या पाण्याच्या चकचकीत भांड्यावर अवरक्त तापमापक रोखल्यास तो पुष्कळच कमी तापमान दाखवतो, याचे कारण लेस्ली यांच्या याच आकड्यांत आहे. असे भांडे स्वतः फारच थोडे प्रारण सोडते आणि बरेचसे भोवतालचेच परावर्तित करते. म्हणून तंत्रज्ञ अशा धातूवर काळी पट्टी चिकटवून तिचे तापमान घेतात.

विशेष म्हणजे, विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेले अदृश्य उष्ण किरण लेस्ली यांना मान्य नव्हते. हवेतील स्पंदनांमुळे उष्णता पसरते, असे त्यांचे मत होते. मत चुकले, मोजमापे टिकली.

१८०४ मध्ये त्यांचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. ज्यांच्या देणगीतून हे पदक दिले जाई, ते काउंट रम्फर्ड याच विषयातील त्यांचे प्रतिस्पर्धी होते!

याच ग्रंथातील एका टीपेने पुढे त्यांची नोकरी धोक्यात आणली. १८०५ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील गणिताचे अध्यासन रिक्त झाले. कार्यकारणभावाविषयीच्या डेव्हिड ह्यूम यांच्या विवेचनाची लेस्ली यांनी टीपेत प्रशंसा केली होती. ह्यूम यांची ख्याती नास्तिक म्हणून. अशा विचाराने ईश्वराच्या अस्तित्वाचा युक्तिवादच ढासळतो, असा आक्षेप शहरातील धर्मोपदेशकांनी घेतला. हे अध्यासन एखाद्या धर्मोपदेशकाकडे जावे, हीही त्यांची इच्छा होती. आपले विधान भौतिक घटनांपुरतेच आहे, असा खुलासा लेस्ली यांनी केला. नगरपरिषदेने त्यांची निवड केली, तेव्हा प्रकरण स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे गेले. तत्त्वज्ञ ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट आणि गणिती जॉन प्लेफेअर यांनी लेस्ली यांची बाजू लढविली. चर्चमधील कट्टर श्रद्धावान मानला जाणारा पक्षही, सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध, त्यांच्या पाठीशी उभा राहिला. मे महिन्यात दोन दिवसांच्या चर्चेनंतर ९६ विरुद्ध ८४ मतांनी आक्षेप फेटाळला गेला. सहा जणांनी बाजू बदलली असती, तर मतांची बरोबरी झाली असती.

१८१० मध्ये त्यांनी निर्वात पंप आणि बाष्प शोषणारे गंधकाम्ल यांच्या साह्याने पाण्याचा बर्फ करून दाखविला. १८१९ मध्ये प्लेफेअर यांच्या निधनानंतर भौतिकीचे अध्यासन त्यांच्याकडे आले. ते अविवाहित राहिले. १८३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी लार्गोजवळील कोट्स येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा तो डबा ‘लेस्लीचा घन’ या नावाने भौतिकीच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी आजही हाताळतात.