बेटाला मुलूख जोडणारा माणूस

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की आपण काय करतो? बटाटेवडा घ्यायला प्लॅटफॉर्मवर उतरतो. तेवढ्या वेळात गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडली जातात. कारण पुढे बोरघाट आहे आणि त्याचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर! रेल्वेच्या हिशेबात हा चढ किती अवघड, ते आपल्या सिव्हिलच्या मित्रांना विचारा. मुंबईच्या भूगोलातली सर्वांत मोठी अडचण हीच होती. ही अडचण सुटल्याशिवाय मुंबई मोठी होणार नाही, हे फार थोड्या लोकांनी वेळेवर ओळखलं. त्यांतले एक होते जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच आपल्या शाळेच्या पुस्तकातले नाना शंकरशेट. गंमत म्हणजे ते इंजिनिअर नव्हते. सराफी आणि व्यापार करणारे शेटजी होते.

नानांची गोष्ट समजायची तर आधी थोडा भूगोल बघायला हवा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही मूळची सात बेटं. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, पण पूर्वेला बेटं आणि कोकणचा किनारा यांच्यामध्ये खोल, आडोशाचं पाणी. जहाजांना इतका चांगला आसरा या किनाऱ्यावर क्वचितच मिळतो. पण नुसतं बंदर चांगलं असून भागत नाही. बंदराच्या पाठीमागे माल पिकवणारा मुलूख लागतो आणि तो माल खाली आणायला वाट लागते. मुंबईच्या पाठीमागे काय होतं? आधी खाडी, मग कोकणची चिंचोळी पट्टी आणि मग सह्याद्रीचा उभा कडा. घाटावर कापूस होता, धान्य होतं, पण १८१८ पर्यंत तिथे पेशव्यांचं राज्य होतं आणि माल यायचा तो बैलांच्या पाठीवरून. म्हणजे दार उत्तम, पण दारामागे घरच नाही, अशी या शहराची अवस्था होती.

नानांचं घराणं मूळचं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं, दैवज्ञ समाजातलं. नानांच्या आजोबांच्या काळात ते मुंबईत आलं आणि व्यापारात नावारूपाला आलं. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. त्यानंतर आठवड्याभरातच, १७ फेब्रुवारीला, मुंबईच्या कोटात प्रचंड आग लागली. तटबंदीच्या आतली दाटीवाटीची वस्ती मोठ्या प्रमाणावर जळाली आणि लोक कोटाबाहेर मोकळ्या जागेत घरं बांधू लागले. म्हणजे नाना पाळण्यात होते तेव्हाच शहर कोटाच्या भिंती ओलांडून बाहेर पसरायला लागलं होतं. पुढे नानांचा वाडाही कोटाबाहेर, गिरगावातच होता.

१८२२ साली वडील वारले तेव्हा नानांचं वय होतं १९. आपल्यापैकी सेकंड इयरच्या मुलांचं असतं तेवढं! त्या वयात सगळी पेढी अंगावर पडली. पण नानांनी ती मोडली तर नाहीच, उलट वाढवली. अरब आणि अफगाण व्यापारी आपली रक्कम बँकेत ठेवण्यापेक्षा नानांच्या पेढीवर ठेवणं पसंत करत, असं सांगतात. सराफाच्या धंद्यात खरं भांडवल सोनं नसतं, पत असते. ती पत नानांनी पुढे आयुष्यभर शहरासाठी खर्च केली, हेच त्यांचं वेगळेपण.

सुरुवात शिक्षणापासून झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२२ मध्ये, मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा आणि पुस्तकं तयार करणारी संस्था निघाली. नाना तिच्या कामात शिरले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त झाले तेव्हा लोकांनी वर्गणी काढून दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. या पैशांतून पुतळा उभारून मोकळं होण्याऐवजी प्राध्यापकांच्या पगाराची सोय करायचं ठरलं. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं. पुढे १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमलं आणि नाना त्याचे सभासद झाले.

इथली एक हकीकत आपण सर्वांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं मत होतं की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. नानांनी याला विरोध केला. इंग्रजी नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यासाठी तर त्यांनी पैसा आणि वेळ दोन्ही दिला होता. पण सर्वसामान्य माणसापर्यंत ज्ञान पोचायचं तर ते त्याच्या भाषेतूनच पोचेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या इंग्रजांत कोण होता माहीत आहे? जॉर्ज जर्व्हिस नावाचा लष्करी इंजिनिअर! या जर्व्हिसने १८२० च्या दशकात मुंबईत इंजिनिअरिंगचे वर्ग चालवले होते, तेही मराठी आणि गुजराथीतून. गणिताची पुस्तकंसुद्धा त्याने मराठीत आणली होती. म्हणजे आज जे अशक्य वाटतं ते पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत करून झालेलं आहे. शेवटी वरचं शिक्षण इंग्रजीकडेच गेलं आणि नानांची बाजू पडली. पण व्हायव्हाला उत्तर येत असूनही इंग्रजीमुळे ज्याची जीभ अडली आहे, त्याला हा वाद जुना वाटणार नाही.

आता रेल्वेकडे येऊ. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पुण्याकडचा माल चाकांवर येऊ लागला. तरी वऱ्हाडातला कापूस मुंबईला पोचेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. बंदरात जहाजं तयार आहेत आणि कापूस मात्र घाटमाथ्यावर भिजतो आहे, असा सगळा प्रकार. १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरने मुंबईहून घाटाच्या दिशेने रेल्वेची कल्पना मांडली. त्या वेळी हिंदुस्थानात कुठेही प्रवासी गाडी सुरू झालेली नव्हती. आगगाडी म्हणजे लंडनहून आलेल्यांनी सांगायची गोष्ट! अशा वेळी नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी ही कल्पना उचलून धरली. १८४५ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी झाली तेव्हा तिच्या संचालकांत हे दोघे हिंदी गृहस्थ होते. कंपनीचं कामकाज सुरुवातीला नानांच्या वाड्यातल्या जागेत चालत असे, असं सांगतात.

इथे एक क्षण थांबून विचार करा. नानांकडे पैसा होता. अफू आणि कापसाच्या चीनशी चाललेल्या व्यापारात त्या काळी मुंबईकर शेटजी एकेका हंगामात भरपूर कमवत होते. त्या मानाने रेल्वे हा फार सावकाश फळणारा धंदा. आधी पैसा जमिनीत, पुलात, बोगद्यात घालायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हंगाम बघणारा व्यापारी यात पडत नाही. नाना पडले. कारण त्यांनी हिशेब आपल्या पेढीचा केला नाही, आपल्या बेटाचा केला.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरचं अंतर गाडीने साधारण सव्वा तासात कापलं. पाहुण्यांत नानाही होते. पण समारंभापेक्षा पुढचं काम मोठं होतं. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि मग समोर सह्याद्री उभा राहिला. बोरघाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं. २५ बोगदे आणि जिथे वळायला जागाच नाही तिथे गाडी उलटी फिरवायचं स्टेशन. या घाटात सुरुंग, दरडी आणि पटकीच्या साथीने हजारो मजुरांचे जीव गेले. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. १८६५ मध्ये थळघाटही खुला झाला. मुंबईला मिळालेला मुलूख त्यांच्याही हाडांवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

नानांची इतर कामं सांगायची तर हा अंक पुरणार नाही. सतीबंदीच्या कायद्याला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. मुलींच्या शाळेला टीका होत असतानाही आपल्या वाड्यात जागा दिली. ग्रँट मेडिकल कॉलेज, मुंबई विद्यापीठ, राणीची बाग आणि तिथलं म्युझियम या सगळ्यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. सोनापूरची स्मशानभूमी दूर शिवडीला हलवायचा बेत झाला तेव्हा गरिबांनी प्रेत खांद्यावर घेऊन एवढं अंतर कसं चालायचं, म्हणून ते सरकारशी भांडले. शहर म्हणजे नुसती गोदी आणि गुदामं नव्हेत, हे त्यांना पक्कं कळत होतं.

सरकारशी त्यांचं जमायचं, पण ते सरकारचे मिंधे नव्हते. १८५२ मध्ये लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन निघाली, तिचे ते अध्यक्ष होते. याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर बंडवाल्यांना सामील असल्याचा संशय घेतला गेला. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं पत जपली, त्याच्यावरच ही वेळ! चौकशीत काही निष्पन्न झालं नाही. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमणूक केली.

आणि मग आली कापसाची लाट. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. घाट फोडून आलेली रेल्वे नेमक्या याच वेळी तयार होत होती. शहरात पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. अजून जमीन समुद्राखालीच होती, बरं का! १८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईतल्या भल्याभल्यांची दिवाळी निघाली. बॅकबेचा तो शेअर २,००० च्याही खाली आला.

त्याच महिन्याच्या अखेरीला, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले. शहर दिवाळखोरीत बुडालेलं असताना त्याचा सर्वांत पतदार नागरिक गेला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजारांवर आली. लाटेबरोबर आलेली माणसं लाटेबरोबर गेली.

पण सगळंच गेलं नाही, आणि नानांच्या आयुष्याचा अर्थ मला यातच दिसतो. बँका बुडाल्या, शेअरचे कागद रद्दीत गेले. उरलं काय? घाटातले रूळ उरले, विद्यापीठ उरलं, हॉस्पिटल आणि शाळा उरल्या. याच रुळांवरून आलेल्या कापसावर पुढच्या काळात गिरणगाव उभं राहिलं आणि मुंबई पुन्हा वर आली. नानांच्या नावाने मॅट्रिकला ठेवलेली संस्कृतची शिष्यवृत्ती १९१२ मध्ये कोकणातल्या एका मुलाने मिळवली. तो मुलगा म्हणजे चिंतामणराव देशमुख, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते. सावकाश फळणारी गुंतवणूक म्हणतात ती हीच.

बेटाची अडचण मात्र अजून संपलेली नाही. बंदराचा मोठा व्यापार जागेअभावी १९८९ पासून समोरच्या किनाऱ्यावर, न्हावाशेव्याला गेला. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून पलीकडे जाणारा जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. बेटाला मुलूख जोडण्याचं नानांच्या वेळचं काम अजून चालूच आहे, फक्त यंत्रं बदलली.

उद्या आपल्यातले काही जण असे पूल बांधतील, काही जण कोड लिहितील, काही जण शेअर बाजारातही जातील. जरूर जा. पण पूल बांधता येणं ही एक गोष्ट आणि पूल कुठे हवा हे ओळखून त्यासाठी दहा-दहा वर्षं लोकांचे आणि सरकारचे उंबरे झिजवणं ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याला चार वर्षांत शिकवतात. दुसरीचा पेपर आपल्या सिलॅबसमध्ये नाही. तो नानांसारख्यांच्या चरित्रातच वाचावा लागतो.