काचेचा पारखी: जोसेफ फ्राउनहोफर

दुर्बिणीतून तारे पाहणाऱ्या ज्योतिर्विदांची नावे आपण आदराने घेतो. परंतु त्या दुर्बिणीचे भिंग ज्याने घासले, त्या कारागिराचे स्मरण क्वचितच होते. अशाच एका कारागिराचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहोत.

बव्हेरियातील श्ट्राउबिंग गावी ६ मार्च १७८७ रोजी जोसेफ फ्राउनहोफर याचा जन्म झाला. एका गरीब काचकारागिराचे हे अकरावे अपत्य. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले आणि म्युनिक येथील एका आरसे करणाऱ्याकडे त्याला बिनपगारी उमेदवारी पत्करावी लागली. त्याचे वाचन मालकाला खपत नसे. २१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. मालकीण गतप्राण झाली. जोसेफ मात्र ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. तेथे आलेले राज्यकर्ते माक्समिलियन यांनी त्याला १८ डुकाट दिले. हे धन त्याने चैनीत उडवले नाही. त्यातून काच घासण्याचे यंत्र घेतले व उरलेल्या उमेदवारीतून स्वतःची मुक्तता करून घेतली. उट्झश्नायडर नामक उद्योजकाने त्याला ग्रंथ पुरवले आणि १८०६ साली आपल्या कारखान्यात घेतले.

तेथे मोठा प्रश्न उभा होता. भिंगाचे वक्र पृष्ठ खरोखर निर्दोष आहे की नाही, हे बोटाला कळत नाही आणि नुसत्या डोळ्यालाही नाही. मग पारख करावी कशी? फ्राउनहोफरने प्रकाशालाच परीक्षक नेमले. हव्या त्या वक्रतेची, पण उलट बाजूची, एक अचूक नमुना-काच करून ती भिंगावर ठेवायची. दोहोंमध्ये हवेचा अतिसूक्ष्म थर राहतो. त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी कोठे परस्परांस बळ देतात, तर कोठे परस्परांस विझवतात. त्यामुळे रंगीत वलये उमटतात. हीच न्यूटनची वलये होत. एका वलयापासून पुढच्या वलयापर्यंत थराची जाडी अर्ध्या लहरीइतकी, हिरव्या प्रकाशात सुमारे ०.०००२७ मिलिमीटर, बदलते. वलये रेखीव गोल असली, पण संख्येने अनेक असली, तर वक्रता किंचित चुकली आहे. ती वेडीवाकडी असली, तर तेथे खोलगा वा उंचवटा आहे. ही वलये कोणाची भीड धरीत नाहीत!

अशा निर्दोष काचेच्या साहाय्यानेच १८१४ साली त्याने सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा पाहिल्या व त्यांची नोंद केली. पदवी नसलेल्या या कारागिराला विज्ञान अकादमीत घेण्यास काही विद्वानांनी विरोध केला; तथापि १८२२ साली एर्लांगेन विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टर केले. १८२४ साली त्याची २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण डोर्पाटच्या वेधशाळेत बसली. ७ जून १८२६ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयाने त्याचे निधन झाले. पुढे १८४६ साली बर्लिन येथे नेपच्यून ग्रह प्रथम दिसला, तो त्याच्याच कारखान्यातील दुर्बिणीतून.

विद्यार्थिमित्रहो, आपले काम चांगले झाले आहे असे आपणांस नेहमीच वाटते. ते काटेकोर कसोटीवर स्वतःहून ठेवण्याचे धैर्य मात्र थोड्यांनाच असते. फ्राउनहोफरच्या ठायी ते होते. म्हणूनच त्याची काच दूरच्या ताऱ्यांपर्यंत पोहोचली, असे आम्हांस वाटते.